श्रीमंत देश, गरीब देश आणि माणसाचे आयुष्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देशांची ‘उच्च उत्पन्न’, ‘अल्प उत्पन्न’ अशी विभागणी कोण करते आणि कशाच्या आधारे?

ही विभागणी जागतिक बँक करते आणि दरवर्षी १ जुलैला ती नव्याने जाहीर होते. देशाच्या एकूण राष्ट्रीय उत्पन्नाला लोकसंख्येने भागून जे दरडोई उत्पन्न निघते, ते अमेरिकी डॉलरमध्ये मांडले जाते आणि त्यावरून देश चार गटांत विभागले जातात. जुलै २०२५ च्या यादीनुसार वर्षाला १,१३५ डॉलरपर्यंत दरडोई उत्पन्न असलेले देश अल्प उत्पन्न गटात, त्यापुढे ४,४९५ डॉलरपर्यंतचे निम्न-मध्यम गटात, १३,९३५ डॉलरपर्यंतचे उच्च-मध्यम गटात आणि त्याहून वरचे उच्च उत्पन्न गटात मोडतात. देश या पायऱ्या चढतात, तसे उतरतातही. याच यादीत कोस्टारिका वरच्या गटात गेला आणि नामिबिया निम्न-मध्यम गटात घसरला. पुढील उत्तरांत सोयीसाठी ‘श्रीमंत’ आणि ‘गरीब’ हे शब्द वापरले असले, तरी त्यांचा अर्थ केवळ या उत्पन्नापुरता घ्यावा. ‘मागास’ हा शब्द मात्र जाणीवपूर्वक टाळला आहे, कारण उत्पन्न कमी असूनही आरोग्याच्या बाबतीत पुढे गेलेल्या समाजांची उदाहरणे याच लेखात पुढे येणार आहेत.

भारत कोणत्या गटात आहे?

निम्न-मध्यम गटात. २००७ च्या उत्पन्नाच्या आधारे भारत अल्प उत्पन्न गटातून बाहेर पडला आणि तेव्हापासून याच पायरीवर आहे.

रुपयाचे डॉलर करून केलेली तुलना फसवी नसते का?

काही अंशी असते. एका डॉलरइतक्या रुपयांत नाशिकमध्ये जेवढी भाजी, रिक्षाचा प्रवास किंवा केशकर्तन मिळते, तेवढे न्यूयॉर्कमध्ये एका डॉलरला मिळत नाही. म्हणून अर्थशास्त्रज्ञ क्रयशक्तीच्या आधारे दुरुस्त केलेले आकडेही देतात. त्या हिशेबाने भारताचे दरडोई उत्पन्न साधारण चौपट दिसते.

आरोग्याच्या बाबतीत मात्र दोन्ही आकडे एकदमच लागतात, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. परिचारिकेचा पगार आणि दवाखान्याच्या इमारतीचे बांधकाम स्थानिक भावाने होते, त्यामुळे तिथे गरीब देशाला स्वस्ताईचा फायदा मिळतो. पण एमआरआय यंत्र, पेटंट असलेले कर्करोगाचे औषध किंवा नवी लस यांची किंमत बहुधा डॉलरमध्येच ठरते आणि तिथे क्रयशक्तीची दुरुस्ती उपयोगी पडत नाही.

आरोग्यातील हे अंतर नेमके किती मोठे आहे?

हे अंतर सर्वांत तीव्रपणे दिसते ते बाळंतपणात आणि आयुष्याच्या पहिल्या पाच वर्षांत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गर्भारपणातील किंवा बाळंतपणातील कारणांनी मृत्यू पावल्या आणि त्यांपैकी दहांतील नऊहून अधिक अल्प व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होत्या. दर एक लाख जिवंत जन्मांमागे उच्च उत्पन्नाच्या देशांत सुमारे १० माता दगावतात, तर अल्प उत्पन्नाच्या देशांत सुमारे ३४६. गरीब देशांतील स्त्रीला आयुष्यभरात अनेकदा बाळंतपणाला सामोरे जावे लागते, त्यामुळे तिच्या वाट्याला येणारा एकूण धोका याहूनही विषम ठरतो : तिथे ६६ पैकी एका स्त्रीचा मृत्यू या कारणाने होण्याची शक्यता असते, तर श्रीमंत देशांत सुमारे ८,००० पैकी एकीचा.

मुलांचे चित्र त्यामानाने अधिक आशादायक आहे. १९९० मध्ये जगात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी ९३ पाचवा वाढदिवस पाहू शकत नव्हती. २०२२ मध्ये ही संख्या ३७ वर आली. एका पिढीत झालेला एवढा बदल मानवी इतिहासात यापूर्वी झाला नव्हता आणि त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेलेली नाही, असे मला वाटते. तरीही २०२२ मध्ये सुमारे ४९ लाख मुले पाच वर्षांची होण्याआधी गेली. श्रीमंत देशांत हजारामागे पाचच्या आसपास मुले दगावतात, तर सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत सत्तरच्या आसपास. तिथल्या मृत्यूंची कारणे न्यूमोनिया, अतिसार, मलेरिया, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मताना गुदमरणे ही आहेत. यांतील बहुतेकांवरचे उपाय वैद्यकशास्त्राला कित्येक दशकांपासून माहीत आहेत.

एखाद्या देशाचे सरासरी आयुर्मान ५५ वर्षे आहे म्हणजे तिथले लोक पंचावन्नाव्या वर्षी मरतात का?

नाही. आयुर्मान ही सरासरी आहे आणि लहान मुलांचे मृत्यू ती फार खाली खेचतात. १९४१ ते १९५१ या दशकात भारताचे आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते, तरी त्या काळातही घरोघरी सत्तरी-ऐंशीचे आजी-आजोबा होतेच. जी मुले पाळण्यातच गेली, त्यांची शून्य किंवा एक-दोन वर्षे त्या सरासरीत मिसळलेली होती.

आधी पैसा येतो की आधी आरोग्य सुधारते?

या विषयातील सर्वांत जुना आणि अजूनही चर्चेत असलेला वाद हाच आहे. अमेरिकी लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युअल प्रेस्टन यांनी १९७५ मध्ये देशांचे दरडोई उत्पन्न आणि आयुर्मान यांचा आलेख मांडला. त्या रेषेची सुरुवात खड्या चढणीची आहे : अगदी गरीब देशात उत्पन्न थोडे वाढले तरी आयुर्मान झपाट्याने वाढते, कारण त्या जादा पैशातून पोटभर अन्न, स्वच्छ पाणी आणि पक्के घर येते. पुढे ती रेषा पठारासारखी सपाट होत जाते. श्रीमंत देशाने आणखी दहा हजार डॉलर मिळवले, तर आयुष्यात पडणारी भर थोडीच असते.

प्रेस्टन यांचे दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे होते. १९३०च्या दशकातील रेषा आणि १९६०च्या दशकातील रेषा शेजारी ठेवल्यावर असे दिसले की संपूर्ण रेषाच वर सरकली आहे; म्हणजे तेवढ्याच उत्पन्नात लोक आता अधिक जगत होते. त्या काळात आयुर्मानात झालेल्या वाढीचा तीन चतुर्थांशाहून मोठा हिस्सा उत्पन्नवाढीने स्पष्ट होत नाही, असे त्यांचे गणित सांगत होते. तो हिस्सा लसी, प्रतिजैविके, डासनियंत्रण आणि रोग कसा पसरतो याचे ज्ञान यांचा होता.

श्रीमंत देशांचा स्वतःचा इतिहासही हेच सांगतो. इंग्लंडमध्ये एडविन चॅडविक यांनी १८४२ च्या अहवालात नोंदवले होते की मँचेस्टरमधील कामकरी कुटुंबांत मृत्यूचे सरासरी वय १७ वर्षे होते, तर रटलंड या ग्रामीण परगण्यातील कामकऱ्यांमध्ये ३८. मँचेस्टर हे त्या वेळी जगातील सर्वांत वेगाने संपत्ती निर्माण करणाऱ्या शहरांपैकी एक होते. त्या संपत्तीचे रूपांतर आयुष्यात व्हायला पुढे सांडपाण्याचे बंद नाले, शुद्ध पाणीपुरवठा आणि कायद्याने बांधलेल्या नगरपालिका याव्या लागल्या. १९०१ च्या सुमाराला, साम्राज्याच्या ऐन भरात, इंग्लंडचे आयुर्मान पन्नाशीच्या आतच होते. आजच्या अल्प उत्पन्नाच्या देशांचे सरासरी आयुर्मान साठीच्या पुढे आहे.

उलट दिशेचा परिणामही खरा आहे. मलेरियाने वारंवार तापणारे किंवा जंतांमुळे रक्त कमी झालेले मूल शाळेत मागे पडते आणि मोठेपणी कमी कमावते. त्यामुळे ‘आधी काय’ या प्रश्नाला एकच उत्तर शोधण्यापेक्षा या दोन्ही गोष्टी एकमेकींना ओढतात असे मानणे वस्तुस्थितीला धरून होईल.

कमी उत्पन्न असूनही चांगले आरोग्य मिळवलेला एखादा देश आहे का?

आपल्या शेजारचा श्रीलंका. तिथे १९३०च्या दशकात दर लाख जन्मांमागे सुमारे २,००० माता दगावत होत्या. १९५० पर्यंत हा आकडा पाचशे ते सहाशेवर आला आणि आता तो तीसच्या आसपास आहे. हे घडले तेव्हा श्रीलंका श्रीमंत नव्हता आणि आजही नाही. मग ते कसे घडले, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

१९२६ मध्ये कळुतरा येथे पहिले आरोग्य पथक सुरू झाले, ज्यात ठराविक वस्तीची जबाबदारी ठराविक कर्मचाऱ्यांवर होती. १९३१ मध्ये, ब्रिटिशांच्याच अमलाखाली, तिथे स्त्री-पुरुष सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला. त्यामुळे खेड्यातल्या मतदाराला दवाखाना हवा असेल, तर प्रतिनिधीला तो मागावाच लागे. १९४५ पासून शिक्षण मोफत झाले आणि मुलीही मोठ्या संख्येने शाळेत जाऊ लागल्या. शिकलेली आई बाळाच्या आजाराची खूण लवकर ओळखते, हे जगभर दिसून आले आहे. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात डीडीटीच्या फवारणीने मलेरिया दबला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत झाले. या सगळ्याच्या मुळाशी एक साधी व्यक्ती होती : प्रशिक्षित, पगारी, गावात राहणारी आणि प्रत्येक गरोदर बाईच्या घरी जाणारी सुईण. काही बिघडलेच, तर पुढचे रुग्णालय कुठे आहे आणि तिथे कसे पोहोचवायचे, हे तिला ठाऊक असे. एखादी माता दगावली तर ती का दगावली, याची चौकशी करण्याची पद्धतही तिथे रुजली. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंकेला मलेरियामुक्त घोषित केले.

त्याच श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाचे हप्ते थांबवले, परकीय चलन संपले आणि रुग्णालयांत औषधांचा तुटवडा पडून शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. चांगली व्यवस्था उभी करायला थोडा पैसा पुरतो. ती चालू ठेवायला मात्र तो थोडा पैसा दर महिन्याला, न चुकता लागतो.

मग श्रीमंत असूनही आरोग्यात मागे, असे देश आहेत का?

आहेत, आणि त्यांची कारणे एकसारखी नाहीत. इक्वेटोरियल गिनी हा आफ्रिकी देश खनिज तेलामुळे काही वर्षे उच्च उत्पन्न गटात होता, पण तेलाचा पैसा मूठभरांच्या हाती राहिला आणि तिथले बालमृत्यूचे प्रमाण अतिशय गरीब देशांच्या पंगतीतच राहिले.

अमेरिकेचे प्रकरण वेगळे आहे. तो देश आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के, म्हणजे माणशी वर्षाला १२,००० डॉलरहून अधिक खर्च करतो. एवढा खर्च जगात दुसरा कोणताही मोठा देश करत नाही. तरीही २०२१ मध्ये तिथले आयुर्मान ७६.४ वर्षांपर्यंत घसरले होते, तर जपानचे ८४ च्या पुढे होते. कोविडखेरीज अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू (त्या वर्षी एक लाखाहून अधिक), बंदुका, लठ्ठपणा आणि विमा नसलेले अडीच कोटींहून अधिक लोक ही त्यामागची कारणे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांशी बोलताना उपचारांपेक्षा बिलाचीच धास्ती अधिक जाणवते, ती याच रचनेमुळे.

अंतर कमी करायला महागडे तंत्रज्ञानच लागते का?

लागत नाही, आणि याचे दोन दाखले आपल्या आसपासचेच आहेत.

१९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून ते पाणी पिंपांतून वाटायला सुरुवात केली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनीच ते पाजावे अशी व्यवस्था केली. छावणीतील कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो, त्या उपायाने त्यानंतर जगभरात कोट्यवधी मुलांचे प्राण वाचले आहेत. तो तयार करायला कारखाना लागत नाही. माहिती, स्वच्छ पाणी आणि वेळेवर हाताशी असलेली पुडी लागते.

दुसरा दाखला गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, कमी वजनाच्या बाळाला ऊब देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून घरीच प्रतिजैविक सुरू करणे, एवढी कामे त्या करत. अशी सेवा नसलेल्या शेजारच्या गावांशी तुलना केली, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्यांमार्फत घरपोच नवजात बालसेवा सुरू झाली. नवजात बाळाला वाचवायचे तर रुग्णालयच हवे, या तोवरच्या पक्क्या समजुतीला गडचिरोलीतल्या शेतमजूर बायकांनी धक्का दिला. माझ्या मते या विषयावरच्या कोणत्याही चर्चेची सुरुवात इथून व्हावी.

मधुमेह आणि हृदयविकार हे श्रीमंतांचे आजार आहेत ना?

ही समजूत आता कालबाह्य झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार असंसर्गजन्य आजारांनी होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात आणि तिथे ते अधिक तरुण वयात होतात.

यामागचे एक कारण पुण्यात उलगडले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची होती, तिथली ३.५ किलोची, पण आपल्या बाळांमध्ये स्नायू कमी असूनही शरीरातील चरबीचे प्रमाण तेवढे कमी नव्हते. आईच्या कुपोषणातून जन्मलेल्या अशा ‘दिसायला कृश, आतून मेदयुक्त’ बाळाला पुढे शहरी आहार आणि बैठे काम मिळाले की मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणजे कालची गरिबी आणि आजची सुबत्ता एकाच शरीरात एकत्र येतात. कुपोषण आणि मधुमेह यांच्यासाठी सरकारी खात्यांत वेगवेगळ्या फायली असतात, पण आजार त्या फायलींप्रमाणे वागत नाहीत.

औषधांच्या किमती या अंतरात किती भर घालतात?

एचआयव्हीच्या इतिहासातून हे स्पष्ट दिसते. १९९६ च्या सुमारास तीन औषधांची एकत्रित उपचारपद्धती आली आणि श्रीमंत देशांत एड्सचे मृत्यू झपाट्याने घटले, पण त्या उपचाराचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरहून अधिक होता. आफ्रिकेत, जिथे बहुसंख्य रुग्ण होते, तिथे तो कोणालाच परवडत नव्हता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देण्याची तयारी दाखवली. हे शक्य झाले, कारण भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हते, केवळ ते बनवण्याच्या प्रक्रियेवर होते. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ मध्ये हा कायदा बदलला आणि नव्या औषधांसाठी ती वाट अरुंद झाली.

कोविडच्या काळात वेगळा अडथळा समोर आला. गरीब देशांसाठी लसी मिळवणाऱ्या ‘कोव्हॅक्स’ योजनेची पहिली खेप २४ फेब्रुवारी २०२१ रोजी घानाची राजधानी आक्रा येथे उतरली आणि त्यातील सहा लाख मात्रा पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाल्या होत्या. काही आठवड्यांतच भारतात दुसरी लाट आली, निर्यात थांबली आणि आफ्रिकेतील अनेक देशांना महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली. आपल्याकडे लोक प्राणवायूसाठी तडफडत असताना घेतलेला तो निर्णय समजण्यासारखा होता. पण लोकसंख्येच्या कित्येक पट लसी आधीच राखून ठेवणाऱ्या श्रीमंत देशांबद्दल तसे म्हणता येत नाही.

गरीब देशांतले डॉक्टर आणि परिचारिका श्रीमंत देशांत का जातात?

पगार, सुरक्षितता आणि शिकण्याची संधी यांसाठी. त्यात त्यांना दोष देता येत नाही. मात्र त्यांच्या शिक्षणाचा खर्च गरीब देशाने केलेला असतो आणि सेवा श्रीमंत देशाला मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये दाखवून दिले होते की जगातील रोगांच्या ओझ्यापैकी २४ टक्के ओझे आफ्रिकेवर आहे आणि आरोग्य कर्मचारी मात्र ३ टक्केच. २०१० मध्ये अशा भरतीसाठी आचारसंहिता संमत झाली, पण ती ऐच्छिक आहे.

आजारपणामुळे कुटुंब गरीब कसे होते?

उपचाराचे पैसे त्याच क्षणी स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात तेव्हा. श्रीमंत देशांत हा खर्च बहुतांशी कर किंवा विम्यातून आधीच भरलेला असतो. भारतात २०१३–१४ मध्ये एकूण आरोग्य खर्चापैकी ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून जात होता. २०२१–२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. सुधारणा मोठी आहे, तरीही शंभरातले चाळीस रुपये अजून घरातूनच येतात. सरकारी खर्च त्या वर्षी सकल उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता, तर २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते.

या टक्केवारीमागचा क्रम गावाकडे सर्वांना पाठ आहे : आधी बचत संपते, मग दागिने गहाण पडतात, मग बैल किंवा शेताचा तुकडा विकला जातो आणि शेवटी मुलीची शाळा सुटते. त्यातली मोठी रक्कम शस्त्रक्रियेवर खर्च होते असे वाटते, पण रोजच्या गोळ्या, तपासण्या आणि गाडीभाडे यांचा वाटाही मोठा असतो आणि रुग्णालयात दाखल झाल्यावरच लागू होणारा विमा नेमका हाच खर्च भरून देत नाही.

एकाच देशातले अंतर देशादेशांतल्या अंतराएवढे असू शकते का?

असू शकते. २०१८–२० च्या नमुना नोंदणी पाहणीत दर लाख जन्मांमागील मातामृत्यू केरळमध्ये १९, महाराष्ट्रात ३३ आणि आसाममध्ये १९५ होते. पहिला आकडा श्रीमंत देशांच्या जवळ जाणारा आहे, तर शेवटचा जगाच्या सरासरीच्या आसपासचा. महाराष्ट्राचा आकडा देशात चांगला मानला जातो, पण त्याच राज्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी, म्हणजे दीर्घकाळ कुपोषित आढळली. देशातील सर्वाधिक कर भरणारे शहर आणि पावसाळ्यात रस्ता तुटल्यावर गरोदर बाईला झोळीतून न्यावे लागणारे पाडे याच एका राज्यात आहेत. ‘महाराष्ट्राची सरासरी’ या दोघांपैकी कोणाचेच वर्णन करत नाही.